पहिला घास

माझं माहेर इंदुरीचं, नदीकाठचं. शाळा चौथीपर्यंत, मग लगीन होऊन हितं कुसगावला आले, नवरा लवकर गेला, बंगल्यांवर झाडलोट करून एकुलता पोरगा, दत्तू, वाढवला. मोठा झाल्यावर दत्तू त्यातल्याच एका बंगल्याची राखण करायला लागला. शनवार-आयतवार पुण्या-मुंबईची पोरं यायची, गांजा ओढायची, यालाबी द्यायची, जाताना उरलेला ठेवून जायची. मी म्हटलं, हे काय रे, तर म्हणायचा, आये, झाडपाल्याचंच हाय, दारूपेक्षा बरं. मलाबी वाटलं, पिऊन बायकोला मारत तर न्हाई.

काय सांगू तुम्हाला, आधी नुसता गप बसायचा, मग झोप गेली, मग म्हणायला लागला की पाण्याच्या टाकीत माणसं बोलत्यात, माझंच नाव घेत्यात. माझी जाऊ म्हणाली, बाहेरचं लागलंय, आन् देवऋषाकडनं अंगारा घेऊन आली. त्याला कळू न देता पोटात गेला पाहिजे म्हणं. सुनेनं तो चहात कालवला. कपाच्या तळाला राख दिसली, आन् दत्तू हसला. म्हणाला, आये, कळलं मला, तुमी दोघी मिळून विष घालताय. ते हसणं अजून डोळ्यापुढनं जात न्हाई. सून त्याच दिवशी लेकरं घेऊन परंदवडीला माहेरी गेली. मी म्हटलं, जा बाई, मला कुटं जायचंय.

मग पुण्याला नेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मावशी, सगळ्यांचं असं होत नाही, पण काहींचं डोकं गांजानं असं बिघडतं, आता याला एक झुरकाही चालणार नाही, गोळ्या चुकवू नका. बंगल्याचं काम सोडवलं. टाकीतली माणसं गप झाली म्हणतो. तरी धुवायच्या आधी मी त्याचा सदरा हुंगते, विळी आन् कोयता माझ्या अंथरुणाखाली ठेवते. पोटच्या पोराला भिते, लपवून काय करू.

जन्मभर घरातल्या पुरुषांची ताटं उचलल्यावर मी जेवले. आता दत्तू ताटाला हात लावत न्हाई, माझ्याकडं बघत बसतो. मग मी त्याच्या ताटातली भाकरी मोडते, कालवणात बुडवून खाते, गिळलं का ते तोंड उघडून दाखवते, मग तो जेवतो. परवा म्हणाला, आये, तिखट झालंय का गं. मी म्हटलं, बरं हाय, खा.

तुमची लेकरं नीट राहू देत, बाई. उठते आता, त्याची जेवायची वेळ झाली, मी गेल्याबिगर तो खायचा न्हाई.