मधाच्या रंगाचा डबा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या हातात त्यांनी घरी बनवलेला, काडेपेटीएवढा मालगाडीचा डबा होता.

"अहो, ठेवा तो पिशवीत. आता बोलावतील."

"थांब गं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं विटकरी दिसतो. मोतीबिंदूच्या डोळ्यानं मधासारखा."

"महिनाभर घरभर रंगाचा वास, आणि अजून तुमचं ठरत नाही?"

"या डब्यांचे जुने फोटो सगळे काळे-पांढरे. रेल्वे यार्डातला रंगारी म्हणाला, विटकरीच असायचे."

"मग झालं की."

"पण लहानपणी आईचं बोट धरून रेल्वे फाटकाशी उभा राहायचो ना, तेव्हा मधासारखे दिसायचे."

"संध्याकाळी?"

"रोज संध्याकाळी."

"मग ऊन असेल हो ते, डब्यांवर पडलेलं."

"असेल. आईपण तशीच दिसायची."

"आजोबा, चला आत. राहिलेला डोळा करून टाकू."

"आलोच, सिस्टर. अगं, माझा चांगला डोळा जरा झाक. माझे हात गुंतलेत."

"झाकला. चला ना, त्या खोळंबल्यात."

"फाटक उघडू दे. गाडी जातेय अजून."