झिंकवाला आंबा

नॅनो हा शब्द रत्नागिरीत नवा होता, तेव्हाचा माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट. स्टार्च आणि पीव्हीए नावाचं पॉलिमर मिसळून प्लास्टिकसारख्या दोन पातळ फिल्म केल्या, एकीत झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, दुसरी साधी. एकाच दिवशी उतरवलेले दोन कच्चे हापूस त्यांत गुंडाळून, कुठला उशिरा पिकतो ते बघायला लॅबमध्ये ठेवले. काही दिवसांनी बघते तर साध्या फिल्ममधला आंबा गायब!

लॅब अटेंडंट तात्या शांतपणे म्हणाले, "मी खाल्ला. पिकलेला हापूस कुजत ठेवायचा म्हणजे काय गो? जन्म आंबे पिकवायच्या आढीत गेला माझा, बघवेना."

मी रडकुंडीला आले. "मग दुसरा कशाला ठेवलात?"

"तो झिंकवाला? दगडासारखा आहे अजून. चार दिवस तरी हात लावू नको."

मागे उभे असलेले माझे गाइड सर आनंदाने ओरडले, "अगं, रडतेस काय? निष्कर्ष लिहून घे!"