डेक्स्टरचा बाहुला

काल इंडियानापोलिसला बास्केटबॉलच्या स्टेडियमबाहेर रांगेत होतो. पस्तीस वर्षांपूर्वी प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, शेवटच्या सेकंदाला ज्या डेक्स्टरने बास्केट करून सामना जिंकून दिला, त्याचा मान डोलावणारा बाहुला पहिल्या पाच हजार प्रेक्षकांना फुकट मिळणार होता. माझ्यापुढे एक ताडमाड म्हातारा आणि त्याची बायको.

“ऑरविल, तुला खेळाडूंच्या दारातून आत सोडलं असतं.”

“तिथे डेक्स्टर सगळ्यांशी हात मिळवत उभा असेल. मला नाही बघायचं त्याचं तोंड.”

“मग त्याच्या बाहुल्यासाठी तासभर का तिष्ठतोयस?”

“नाक नीट काढलंय का, ते बघायचंय.”

“अजून जळतोस.”

“जळू नको तर काय करू? बॉल त्याला दिला कोणी? मी. आणि पुतळा त्याचा, रस्त्याला नाव त्याचं. आपल्या नातवानेसुद्धा भिंतीवर त्याचाच फोटो चिकटवलाय.”

“बरं.”

“बरं काय? कोचने फळ्यावर माझं नाव लिहिलं होतं, वर्नेटा. शॉट माझा होता.”

“मग मारला का नाहीस?”

“डेक्स्टर मोकळा होता.”

“परवा मी तो व्हिडिओ पाहिला. डेक्स्टरला दोघांनी घेरलं होतं. तुझ्यासमोर कुणीच नव्हतं.”

रांग चार पावलं पुढे गेली. ती दोघं जागची हलली नाहीत.

“नातवाने पाहिला का तो?”

“त्यानेच तर मला थांबवून थांबवून दाखवला.”