ठरावाच्या विरोधात एक हात

नीलावहिनी, गौरी, मीनलताई, आणि कामाचा दिवस असूनही न्यू लिनच्या या हॉलमध्ये आलेले तुम्ही सगळे,

नमस्कार. मागे भिंतीला टेकून उभे आहेत त्यांनी पुढे यावं, खुर्च्या रिकाम्या आहेत. अशा वेळी बोलणं मला जमतं असं लोक म्हणतात. आज जमेल असं वाटत नाही. पण बोललं पाहिजे.

अविनाश देवस्थळी गेले. मंगळवारी सकाळी चहा गाळता गाळता गेले. वहिनी दोन हातांच्या अंतरावर होत्या. ॲम्ब्युलन्सवाले आले, त्यांनी सगळं केलं, काही उपयोग झाला नाही.

आत्ताच मीनलताईंनी आपल्या मराठी मंडळाचा शोकठराव वाचून दाखवला. भाषा चांगली आहे. वाचलाही चांगला. पण त्यात दोन वाक्यं चुकीची आहेत. मी त्या दोन वाक्यांबद्दलच बोलणार आहे. चुळबुळ करू नका. आज नाही बोललो तर कधी बोलणार? हा ठराव छापून, फ्रेम करून वहिनींच्या भिंतीवर जाणार आहे.

पहिलं वाक्य. 'कै. देवस्थळी यांनी ओटावा येथे कॅनडाच्या सरकारात उच्च पद भूषविले.' दुसरं वाक्य. 'मंडळाच्या प्रत्येक निर्णयाला त्यांची मनापासून साथ होती.'

मागे कोणीतरी हसलं. हसा. ते हसणं ठरावापेक्षा खरं आहे.

अविनाशराव कॅनडाच्या सरकारात एक दिवसही नव्हते. ते विरोधी पक्षाच्या कार्यालयात होते. खासदारांसाठी विधेयकं वाचायची, कुठल्या कलमात काय दुरुस्ती मागायची ते मांडून द्यायचं, समितीत काय विचारायचं ते लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. सरकारात आणि विरोधात फरक असतो, मंडळी. त्यांचं सगळं आयुष्य त्या फरकात गेलंय.

आमची ओळख त्यांच्या ओट्यामुळे. मी स्वयंपाकघरं बसवतो, टाकानिनीला माझं वर्कशॉप आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्याकडे कपाटं लावत होतो आणि रेडिओवर इथली, न्यूझीलंडची, पार्लमेंट चालू होती. मला ते ऐकत काम करायची सवय आहे. ते दारात येऊन उभे राहिले.

"तुम्ही हे ऐकता?"

"हो. बंद करू का?"

"छे. वाढवा."

मला संसदेचं कामकाज कोणी शिकवलेलं नाही. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. नियमावल्या विकत आणून वाचल्या, कळल्या नाहीत तर परत वाचल्या. त्यामुळे त्या दिवशी मी ऐटीत त्यांना सांगायला गेलो, की कॅनडात एका पक्षाचं बहुमत आलं की विरोधकांना प्रश्नसुद्धा विचारू देत नसतील. ते म्हणाले, "सावंत, चूक. प्रश्नोत्तरं रोज असतात. पंचेचाळीस मिनिटं. बहुमत असो नसो."

"आणि उत्तरं?"

"ती बहुमताआधीही मिळत नव्हती."

"मग बहुमतानं बदलतं काय?"

ते म्हणाले, "फोन. फोन वाजायचा थांबतो."

हे मला नंतर नीट समजलं. सरकार अल्पमतात असलं की मंत्र्याच्या ऑफिसातून विरोधी पक्षाच्या ऑफिसात फोन येतो. अविनाश, ते कलम असं लिहिलं तर तुमचे लोक मत देतील का? शब्द बदलू का? गुरुवारपर्यंत सांगाल का? कारण मतं कमी पडतात. सरकार पडू शकतं. अविनाशरावांनी अशाच काळात एक दुरुस्ती तयार केली होती. बाहेरून कामाला आलेल्या माणसाला मालकानं छळलं तर मालक बदलता यावा, एवढीच. इथे बसलेल्या कितीतरी जणांना तिचं महत्त्व सांगायला नको. ती समितीत मंजूर झाली. सरकारी बाकावरच्या एका खासदारानंही बाजूनं हात वर केला. मग निवडणूक लागली आणि विधेयक तिथेच मेलं. तिथला नियमच तसा आहे, संसद विसर्जित झाली की अर्धवट विधेयकं संपतात.

निवडणुकीत त्याच पक्षाला बहुमत मिळालं. विधेयक परत आलं. अविनाशरावांनी तीच दुरुस्ती परत दिली. एक स्वल्पविराम बदलला नाही. समिती तीच, खोली तीच, तोच खासदार समोर. आता समितीतही सरकारचे लोक जास्त. त्या माणसानं कागदावरची नजर न काढता विरोधात हात वर केला. नंतर कॉरिडॉरमध्ये यांना गाठलं. भला माणूस होता, अविनाशराव नेहमी म्हणायचे, भला होता.

तो म्हणाला, "कल्पना अजूनही चांगली आहे, अविनाश."

"मग?"

"मग काही नाही. आता गरज नाही."

गरज नाही. यात कोणी चोरी केली? कोणी नियम मोडला? कोणीही नाही. लोकांनी मतं दिली, बहुमत आलं, बहुमतानं आपलं काम केलं. अविनाशराव मला बजावून सांगायचे, सावंत, याला अन्याय म्हणू नका, हा शब्द इथे बसत नाही. म्हणूनच तर त्याचा त्रास व्हायचा. भांडायला समोर कोणी नव्हतं.

पुढचं त्याहून वाईट आहे. सरकार पाडता येत नाही, विधेयक अडवता येत नाही, वेळ संपली म्हणून उरलेल्या दुरुस्त्या चर्चेविना एकामागून एक मताला टाकतात आणि त्या एकामागून एक पडतात. मग विरोधी पक्ष काय करतात? एकमेकांवर उलटतात. खरा विरोधक मी की तू, यावर भांडतात. आपल्याच नेत्याला बदला म्हणतात. अविनाशरावांना त्यांचेच खासदार सांगायला लागले, दुरुस्ती वगैरे राहू दे, एक ओळ दे, टीव्हीवर बसेल अशी. हा माणूस कलमं मांडण्यात पटाईत. त्याला टोमणे लिहायला बसवलं.

एक गोष्ट उरली होती. समितीचा अहवाल निघाला की विरोधकांना आपलं भिन्नमत जोडता येतं. ते अध्यक्षांच्या सहीनंतर छापतात. किती पानांचं, हे समितीच ठरवते, म्हणजे बहुमतच. यांना दोन पानं दिली. त्या दोन पानांवर या माणसानं जीव ओतला. आणि घाईत काय झालं, तर दुसऱ्या पानावर भलत्याच अहवालातला एक परिच्छेद चिकटला. विषय कामगारांचा आणि परिच्छेद मासेमारीचा. तसाच छापला गेला. तसाच सभागृहात मांडला गेला.

त्यांना कळलं ते मांडून झाल्यावर. आता मंत्र्याचं ऑफिस खिल्ली उडवणार. वर्तमानपत्रात येणार. आपला नेता बोलावून झापणार. ते वाट बघत बसले. दोन दिवस, आठवडा, महिना.

कोणाचाही फोन आला नाही.

मला हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. "अहो, मासे! कामगारांच्या अहवालात मासे, सावंत! एका तरी माणसानं ओरडायला नको होतं?"

सरकारनं वाचलं नाही, ते समजू शकतो. त्यांच्या स्वतःच्या पक्षानंही वाचलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष बाराच्या खाली गेला. बारा खासदार नसले की तिथे पक्षाला मान्यता नसते, समितीत खुर्ची नसते, कार्यालय चालवायला निधी नसतो. नोकरी गेली. हे मात्र बहुमतानं केलेलं नाही, मतदारांनी केलं. ही दोन दुखणी वेगळी आहेत, ती एक केली तर अविनाशराव रागावले असते. मग ते लेकीकडे, गौरीकडे, इथे ऑकलंडला आले. मी एकदा म्हणालो, इथे बरंय, एका पक्षाला सहसा बहुमत मिळत नाही. तर म्हणाले, "मिळालंय एकदा. आणि युती एकदा झाली की तीही बहुमतच असते. तुम्ही फार लवकर खूश होता."

आता दुसरं वाक्य. मंडळाच्या प्रत्येक निर्णयाला साथ.

टाकानिनीचा मुलांचा मराठी वर्ग बंद करायचा ठराव आला होता, आठवतंय? हे न्यू लिनला, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारे. यांचं काय जात होतं? तरी उठले आणि म्हणाले, हात मोजा. बाजूनं अख्खा हॉल आणि विरोधात आम्ही दोघं. सभेच्या इतिवृत्तात आलं, 'सर्वानुमते'. पुढच्या सभेत यांनी ते दुरुस्त करून घेतलं. तेव्हा कोणीतरी ओरडलं होतं, "अहो देवस्थळी, जेवण गार होतंय!" आणि हे म्हणाले होते, "जेवण परत गरम करता येतं."

तुम्ही त्यांना विरोधी पक्षनेते म्हणायचात. ते आले की 'किआ ओरा, ऑपोझिशन!' असं माओरी नमस्कार घालून स्वागत व्हायचं. प्रेमानंच व्हायचं, मी नाही म्हणत नाही.

गेल्या वार्षिक सभेत ते उठले नाहीत. मोजा म्हणाले नाहीत. मी पार्किंगमध्ये विचारलं, काय हो, आज गप्प? ते म्हणाले, "सावंत, मी उठायच्या आधीच लोक हसायला लागतात. माझा विरोध आता कार्यक्रमातला एक आयटम झालाय."

"दमलात तुम्ही."

"दमलो असतो तर झोपून उठलो असतो. मला सवय झालीय."

त्या गप्प बसण्याला तुम्ही साथ म्हणताय. ठरावात, मनापासून, असं लिहून.

परवा मी मीनलताईंना फोन केला. ताई, राग मानू नका, जे झालं ते सांगतो. म्हटलं, ही दोन वाक्यं बदला. त्या म्हणाल्या, "शोकठरावात कोण चुका काढतं हो? कार्यकारिणीच्या सातही जणांनी ओके केलाय."

"सातही जणांनी वाचला?"

"ग्रुपवर सातही अंगठे आलेत."

मी म्हटलं, ठीक. सात विरुद्ध एक. हा हिशेब मला ओळखीचा आहे.

गप्पच बसणार होतो. पण आज सकाळी खुर्च्या आणायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सगळे फोनवर त्यांना गोड म्हणतायत. गोड होते का हो ते?"

"नाही, वहिनी."

"मग कोणीतरी सांगा ना. त्या खवट माणसाबरोबर आयुष्य काढलंय मी. आज दुसऱ्याच कोणाच्या फोटोला हार घालतेय असं वाटतंय."

ऐकलंत? घरातून माणूस गेला. निदान तो कोण होता, हे तरी त्या घरात राहू द्या. विरोधी पक्षात होता म्हटल्यानं तो लहान होत नाही. हरला म्हटल्यानंही होत नाही. तो हरलाच. जवळजवळ प्रत्येक वेळी हरला. ज्यांच्यासाठी ती दुरुस्ती लिहिली त्यांना ती मिळाली नाही. टाकानिनीचा वर्ग बंद झाला. मी तुम्हाला काही गोड शेवट सांगू शकत नाही, कारण तो झालेला नाही.

मीनलताई, माझी मागणी साधी आहे. ती दोन वाक्यं काढा. काढायची नसतील तर ठराव मताला टाका. बाजूनं कोण ते विचारा आणि हात मोजा. मग विरोधात कोण, तेही विचारा. शोकसभेत हे विचारत नाहीत, मला माहीत आहे. मी हरणार, तेही माहीत आहे. माझा एकट्याचा हात असला तर विरोधात एक, असं लिहा. सर्वानुमते लिहू नका.

त्यानंतर आपण सगळे उठून दोन मिनिटं शांत उभे राहू. बाजूनं असलेले आणि नसलेले, एकत्र. त्या शांततेला मात्र कोणी होकार समजू नये.

अविनाशराव, तुम्हाला नमस्कार.

विचारा, ताई.