मस्तगडात आलेला समुद्र

सन्माननीय अध्यक्ष काकासाहेब, आमच्या मदरशाचे, म्हणजे या सरकारी शाळेचे, मुख्याध्यापक सदर मुदर्रिस साहेब, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते भालचंद्रपंत आष्टीकर सर, त्यांच्या शेजारी मोठ्या मिनतवारीनं आणून बसवलेल्या त्यांच्या पत्नी द्वारकाबाई, माझे शिक्षकबंधू, सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेले आजीमाजी विद्यार्थी आणि पडद्यापलीकडच्या माताभगिनींनो,

या जलशाची, म्हणजे सभेची, सरकारी परवानगी निरोपाचा कार्यक्रम एवढ्याच नावानं मिळालेली आहे. तेव्हा विषय सोडून बोलू नये, अशी समज काकासाहेबांनी मघाशीच मला कानात दिली. काकासाहेब, निश्चिंत असा. मी समुद्राबद्दल बोलणार आहे, आणि समुद्र आपल्या रियासतीत कुठंच नाही.

आष्टीकर सर सायन्स शिकवत उर्दूतून, समजावून सांगत मराठीतून आणि रागावत दोन्हींतून. मी भाषा-इतिहासाचा माणूस. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून. मधल्या भिंतीला वर झरोका आहे, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षं मी त्यांचा बिनफीचा विद्यार्थी होतो. गर्भाची वाढ शिकवताना सर सांगत, की समुद्राच्या तळाशी एक प्राणी असतो, इंग्रजीत सी-अर्चिन; सर त्याला साळू म्हणत. लिंबाएवढा गोल, साळिंदरासारखे अंगभर काटे. त्याला पुढचं-मागचं, डावं-उजवं काही नाही. देवळाच्या घुमटासारखा सगळीकडून सारखा, पाच भागांचा. पण त्याचं पिल्लू पाहा. मोहरीहून लहान, काचेसारखं आरपार, आणि त्याला तुमच्या-आमच्यासारखं डावं अंग आणि उजवं अंग. अंड्यापासून त्याची घडण सुरू होते तीही आपल्यासारखीच. गोळ्याला पहिलं छिद्र पडतं ते तोंडाचं नव्हे, (भगिनींनी क्षमा करावी) दुसऱ्या टोकाचं. तोंड मागून येतं. साळूचंही आणि माणसाचंही. म्हणून सर म्हणत, गोगलगाय आणि झुरळ आपले लांबचे, हा काटेरी गोळा मात्र आपल्या भावकीतला.

यावर केदारखेड्याचा रखमाजी एकदा उठून म्हणाला होता, "सर, मंग आमचं तोंड मागून आलंय म्हणा की!"

सर म्हणाले, "तुझं अजून यायचंय. परीक्षेत दिसलं नाही कुठं."

माझ्या वर्गात त्या वेळी पानिपत चाललं होतं. पोरं हसली आणि माझं पानिपत तिथंच आटोपलं.

हसण्यासारखं बोलून झालं. यापुढचं सांगावं की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं. निकाल काल द्वारकाबाईंनीच दिला. म्हणाल्या, "सांगा भावजी. माझं घासणं बी सांगा. न्हाई तर लोक म्हणतील, मास्तरलाच जमलं न्हाई."

सर मुंबईला कॉलेजात होते, तेव्हा त्यांनी साळूची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली फळताना पाहिली. एकाचे दोन, दोनाचे चार, मग पिल्लू, मग त्याला फुटलेले काडीसारखे हात. तिथवर पाहिलं आणि वडील वारल्याची तार आली. राहिलं ते शेवटचं. त्या पिल्लाच्या डाव्या कुशीत एक चकती वाढत असते. पिल्लू पोहत असतं, खात असतं, आणि कुशीत हे दुसरंच काही तयार होत असतं. एक दिवस पिल्लू तळाशी बसतं, हात टाकून देतं, अंग आखडून घेतं आणि त्या चकतीतून इवले इवले पाय बाहेर येतात. घडीभरापूर्वी डावं-उजवं असलेला जीव गोल होऊन पाच बाजूंनी चालायला लागतो. सर म्हणत, "अंबादासराव, सगळी वंशावळ उलगडून मिटते हो तिथं. मी सगळं वाचलंय. पाहिलं नाही." आयुष्यभर ते हे पोरांना शिकवत आले, आणि दर वेळी शेवटी सांगत, की हे मी पाहिलेलं नाही. असं सांगणारा दुसरा शिक्षक मला भेटलेला नाही. पानिपत मी रोज पाहिल्यासारखं शिकवतो.

सरांना काचबिंदू झाला हे आपल्याला ठाऊक आहे. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यात काढायला काही नसतं. कडेकडेनं अंधार आत सरकत येतो आणि मधे एक लहानशी खिडकी उरते. डॉक्टरांनी सांगितलं, तीही मिटेल. सरांनी विचारलं, केव्हा? डॉक्टर म्हणाले, पाहायचं ते पाहून घ्या.

रखमाजी आता मुंबईत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. दिवाळीला गावी आला, तेव्हा सरांना भेटायला आला. मी तिथंच होतो.

"सर, मुंबईला चला. म्या नेतो."

"आणि तुझ्या कॉलेजच्या जिन्यावरून गडगडू? मला पायरी दिसत नाही रे."

"मंग समुद्रच घेऊन येतो."

आम्ही हसलो. हा मात्र खरंच कामाला लागला. प्रयोगशाळेत त्यानं साळूची अंडी फळवली, पिल्लांना हिरवट पाणी खाऊ घालून वाढवलं, आणि त्यांच्या कुशीतली चकती पिकत आली तेव्हा रजा काढली. काचेची बरणी ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर. मनमाडला गाडी बदलताना हमालाच्या हाती दिली नाही. इथं स्टेशनावर जकातीच्या तपासणीला अडवलं. नाक्यावरच्या मुन्शीजींनी बरणीत बोट बुडवून चाखलं.

"नमक है."

"साहेब, जनावरं हायेत त्यात."

मुन्शीजींनी बरणी उजेडाकडे धरली. "पानी है, नमक है. जानवर मेरेकू तो नज़र नहीं आते."

"माझ्या मास्तरला दाखवायचेत जी. त्यांचे डोळे चालले."

मुन्शीजींनी बरणी त्याच्या हाती परत दिली म्हणे. मग म्हणाले, "जल्दी जाओ फिर. खड़े क्या हो?"

अशा रीतीनं समुद्र मस्तगडात आला. सदर मुदर्रिस साहेबांनी मदरशाचा सूक्ष्मदर्शक घरी न्यायला दिला, त्यांचे आभार मी इथंच मानतो. सरांनी त्या संध्याकाळी एका डोळ्यानं पिल्लू पाहिलं. ते हललं की खिडकीतून निघून जायचं. "सापडलं. गेलं. थांबा, सापडलं." त्याची चकतीही दिसली. मी सरांना तितकं आनंदात कधी पाहिलेलं नाही.

रखमाजीनं बरणीबरोबर एक दगडही आणला होता. समुद्रातला, हिरव्या बुळबुळीत थराचा. हा दगडच सगळं काही होता. पिल्लू पिकलं तरी आपणहून बदलत नाही. ते तळ चाचपत फिरतं. असा थर पायाखाली लागला, म्हणजे इथं आपल्याला खायला आहे, राहायला आहे असं कळलं, की मगच ते हात टाकतं. सर म्हणाले, "प्रवासानं दमलीत, आज थारू द्या. दगड उद्या सकाळी उजेडात टाकू." दगड थोड्या समुद्राच्या पाण्यात, परातीत, मोरीपाशी ठेवला.

आपल्याकडची बाई सकाळी काय करते? मोरीपाशी बसते आणि जे खरकटं-ओशट असेल ते राखेनं घासते. पाहुण्याची वस्तू असेल तर आधी घासते. द्वारकाबाईंनी परात घासली, दगडही घासला. राख, काथ्या, वरून कढत पाणी. मग उन्हात ठेवला. आम्ही पाहिला तेव्हा तो आपल्या इथल्या काळ्या दगडासारखाच दिसत होता. मुंबईचा म्हणून ओळखूही आला नसता.

"काकू, काय केलंत हो!" रखमाजी ओरडला.

"काय केलं? वास मारून राह्यल्ता मेला. इतक्या लांबून आणला, तर धुवून तरी आणायचा!"

रखमाजी तिथंच ओट्यावर बसला. सर आतून विचारत होते, काय झालं, काय झालं. शेवटी मी सांगितलं. सर म्हणाले, "दगड आण इकडं." हातात घेऊन त्यांनी तो सगळीकडून चाचपला आणि म्हणाले, "छान निघालाय."

द्वारकाबाई मला नंतर म्हणाल्या, "भावजी, ते रागावले असते तर बरं झालं असतं."

मग आम्ही जे केलं ते बुडत्या माणसानं हात मारावेत तसं. घासलेला दगडच बरणीत टाकला. मोतीतलावातून शेवाळलेला खडा आणला. गोड्या पाण्यातलं ते शेवाळ खाऱ्या पाण्यात मेलं आणि बरणीला घाण सुटली. रखमाजीनं पाणी पाहिलं आणि म्हणाला, "दुसरा दगड आणाया जातो, पण म्या येईस्तोवर हे काही राहत न्हाईत." आणि गेला नाही. जाऊन काय उपयोग होता? पिल्लं तळाला जात, काचेवर थोडं टेकत, परत वर येत. रोज थोडी कमी होत. सर दिवसभर खिडकीपाशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत, आणि डोळ्याला पाणी आलं की पुसून पुन्हा लावत.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "अंबादासराव, एक तळाशी बसलंय. मला आता नुसता उजेड दिसतोय. तुम्ही पाहा आणि सांगा."

मी पाहिलं. पिल्लू एका कुशीवर पडलं होतं. दोन हात गळाले होते.

"हात टाकतंय का?"

"हो, गळालेत."

"अंग?"

"आखडलंय."

सरांनी माझा दंड धरला. "डाव्या बाजूला पाहा. पाय?"

चकती दिसत होती, गडद. तिच्या कडेला धाग्यासारखं काही होतं. तो पाय होता की गळालेल्या हाताची काडी?

"हलतंय का?"

"पाणी हललं सर, त्याबरोबर ते हललं."

रखमाजी माझ्या कानाशी वाकला. "गुरुजी, झालं म्हणा ना. कोण बघायला आलंय?"

सभाजनहो, किती सोपं होतं ते! एक शब्द. वर्गात मी न पाहिलेली युद्धं जिंकतो आणि हरतो. ज्यांनी आयुष्यभर पोरांना न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलं नाही, त्यांना मी माझं न पाहिलेलं देऊ शकत नव्हतो. मी म्हणालो, "सर, मला सांगता येत नाही."

"नाही हललं, की सांगता येत नाही?"

"सांगता येत नाही."

सरांनी दंड सोडला. म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "थकला असाल. चहा घ्या."

दुसऱ्या सकाळी बरणीत काहीच पोहत नव्हतं. तळाचा तो जीवही विरून गेला होता. रखमाजीनं सांगितलं, की बदलताना आणि मरताना ते पहिल्या घटकेला सारखंच दिसतं. त्यामुळे मी काय पाहिलं हे मला आजही माहीत नाही आणि यापुढं कळणार नाही. मी खरं बोललो, का एका माणसाला ऐन वेळी रिकाम्या हातानं परत पाठवलं? रोजनिशी लिहायची मला सवय आहे. त्या दिवसाचं पान मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा ते प्रश्नावरच थांबलं. सरांना विचारायचं धाडस झालं नाही. आज विचारत नाही. ही सभा आहे.

उद्या सर आणि द्वारकाबाई परभणीला कन्येकडे, नीलाकडे, कायमचे जात आहेत. त्यांना द्यायला मदरशातर्फे शाल आहे, श्रीफळ आहे. जे त्यांना हवं होतं ते आमच्यापैकी कोणालाही देता आलं नाही. रखमाजीला रजा मिळाली नाही, त्याचा नमस्कार मी पोचवतो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, परवानगी देणाऱ्यांचे आणि इतका वेळ सतरंजीवर मांडी मोडून ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे मी आभार मानतो. बोलण्यात काही अधिकउणं गेलं असेल, घरातली गोष्ट सभेत आणली म्हणून कोणाला टोचलं असेल, तर मोठ्या मनानं विसरून जावं.

सर, तुम्ही खांबाकडे पाहताय. मी इकडे, तुमच्या उजव्या हाताला उभा आहे. हार घेऊन येतोय. उठू नका, मान फक्त थोडी खाली करा. आणि त्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर होतं ते मला ओळखता आलं नाही, तेवढ्याची मला क्षमा करा.