नाजिमाबाईंची बिनपायांची खुर्ची

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय दत्तोबा रायकर, व्यासपीठावरील पर्यवेक्षिका कुसुमताई आणि सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या नाजिमाबाई बागवान, त्यांचे यजमान रियाजभाई, समोर बसलेले पालक, आणि पहिल्या रांगेत मांडी घालून अजून तरी शांत असलेल्या माझ्या बालमित्रांनो,

मी दीपाली. धायरीच्या या बालवाडीत बाईंच्या शेजारच्या वर्गाला शिकवते. अध्यक्षांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मी पाहिलं आहे, तेव्हा मी थोडक्यात आटोपते.

बाई प्रेमळ आहेत, शिस्तीच्या आहेत, हे आधीच्या वक्त्यांनी सांगून झालं. त्यांच्या सुतारकामाबद्दल मात्र कुणी बोललं नाही. का बोललं नाही, ते मला ठाऊक आहे. ते काही फारसं सुबक नाही. पण आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

आमची प्लॅस्टिकची खेळणी दिवाळीपर्यंतसुद्धा टिकत नसत. एकदा बाई म्हणाल्या, आपण लाकडाची करू. रियाजभाईंचा मंडईत फळांचा गाळा आहे, तिथे रिकाम्या पेट्यांना तोटा नव्हता. तोटा होता तो आमच्या अकलेचा, कारण दोघींपैकी एकीनंही कधी करवत हातात धरली नव्हती. मग मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस चहा निवायच्या आत स्टूल करतो. मधला भाग कापलेला असतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सुरुवात ठोकळ्यांनी झाली. कापायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, रंगवायचे. प्रत्येक ठोकळा बाई आधी स्वतःच्या गालावरून फिरवायच्या. कुसळ टोचलं नाही, तरच तो मुलांच्या हातात जायचा. मग दोरीनं ओढायचा घोडा केला. मुलं त्याला शेळी म्हणाली. बाईंनी तो लांब धरून नीट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दाढी चिकटवून आणला. असं मोठं मन आपल्यापैकी किती जणांकडे असतं?

त्याच वर्षी आनंदी आली. तिच्या पायांत ताकद कमी. मांडी घालता यायची नाही आणि टेकू नसला की एका बाजूला कलंडायची. म्हणून तिची आई, रतनताई, रोज भिंतीला टेकून तिला मांडीवर घेऊन बसायची. शेतातली कामं तशीच पडून राहायची. एका शनिवारी रतनताईंनी बाईंना बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, पोरगी शाळंत येती, पण माझ्या मांडीवरनंच शाळा बघती. मग घरीच ठिवते की."

बाई म्हणाल्या, "मला उद्याचा रविवार द्या. सोमवारी एकदा आणा, मग तुम्ही म्हणाल तसं."

पेट्यांच्या फळ्या पातळ, मुलाचं वजन पेलणाऱ्या नव्हेत. म्हणून बाईंनी घरचा दिवाण मोडायला काढला. पाहुणे आले तर बसवायचं कुठे, एवढंच रियाजभाईंनी विचारलं. पाहुण्यांना मांडी घालता येते, असं बाईंनी सांगितलं. त्यावर रियाजभाई स्वतःच स्क्रू काढायला बसले.

रविवारभर आम्ही तिघांनी खुर्ची केली. उंच पाठ, दोन्ही बाजूंना हात, पुढे पट्टा. थोडी डुगडुगत होती, तर एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. पुण्यातली निम्मी टेबलं अशीच उभी आहेत.

सोमवारी आनंदीला खुर्चीत बसवलं. ती ताठ बसली, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग रोजच्यासारखी बाकीची मुलं सतरंजीवर गोल करून बसली आणि खेळ सुरू झाला. शेळी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरत होती. आनंदीच्या पायाखालून ती पलीकडे गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. आनंदीला वरून नुसती सगळ्यांची डोकी दिसत होती. थोड्या वेळानं ती रडायला लागली.

बाई तिच्यापाशी वाकल्या. ती म्हणाली, "मला खाली बसायचंय."

"खाली कलंडशील गं."

"मग कलंडते."

रतनताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि मुलीला उचलायला पुढे आल्या. दिवाण गेला होता, रविवार गेला होता आणि आता मुलगीही चालली होती. बाई मात्र वळून म्हणाल्या, "रतनताई, जरा थांबा. दीपाली, करवत आण."

भर वर्गात खुर्ची उलटी पाडून बाईंनी पाय कापायला घेतले. एक जरा जास्त कापला गेला, म्हणून दुसरा कापला. मग तिसरा लांब वाटायला लागला. मुलं भोवती जमून सल्ले देत होती. शेवटी बाईंनी घाम पुसला आणि म्हणाल्या, "सगळेच काढू." चारही पाय मुळापासून काढले, खालची बाजू घासली आणि ती बैठक सतरंजीवर ठेवली.

आनंदी पाठ टेकून, पाय समोर पसरून बसली. तिचा खांदा शेजारच्या आलिमाच्या खांद्याला लागत होता. शेळी फिरत आली. आलिमानं ती आनंदीच्या हातातून ओढली आणि आनंदीनं आलिमाला चिमटा काढला. चांगला जोरात. आलिमानं भोकाड पसरलं.

आता बाई काय करतील? आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो.

बाई दोघींना म्हणाल्या, "आनंदी, चिमटा काढायचा नाही. आलिमा, ओढून घ्यायचं नाही. धरा कान दोघींनी."

दोघींनी कान धरले. दारात रतनताई पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांना वाईट वाटलं असेल, म्हणून मी समजूत घालायला गेले. त्या म्हणाल्या, "तसं न्हाई हो. आजवर हिला कुणी रागावलंच न्हाई. समदी नुसती बिच्चारी म्हणत्यात." आणि मुलीला तिथेच सोडून त्या शेतावर निघून गेल्या.

आनंदी आता मोठ्या शाळेत आहे. त्या बैठकीवर आता दुसरं मूल बसतं, आणि शनिवारी पालक इथे येऊन तशाच आणखी बैठका करतात. कुणाला हव्या असतील तर जरूर सांगा, पोचवायची व्यवस्था करू. सुबकपणाची हमी मात्र मागू नका.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घड्याळाकडे न बघण्याचा मोठेपणा दाखवला, त्याबद्दल मनापासून आभार. कुणाचा उल्लेख राहून गेला असेल तर सांभाळून घ्या. आणि बाई, इतक्या वर्षांत आमचं काही चुकलं असेल, तर जाण्यापूर्वी आम्हाला एकदा रागवा. आम्हीही तुमचीच मुलं आहोत.