उषा पहिली आली तेव्हा

हसू नका, पण कुवेतला असताना मी झुबेदाभाभींशी आठवडाभर अबोला धरला होता. सालमियात आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहायच्या. मूळच्या रत्नागिरीच्या, अगदी मायाळू बाई.

तिथल्या उन्हाळ्यात कोण धावणार? म्हणून शाळेचे सगळे खेळ थंडीत असायचे. दर शुक्रवारी सकाळी आमच्या उषाचा धावण्याचा सराव. यांना तेव्हा ड्युटी, आणि माझ्या कडेवर खोकणारा मुकुंद. मग भाभीच तिला टॅक्सीने न्यायच्या. घरी आली की उषाचं एकच, "भाभी म्हणाल्या असं धाव, भाभी म्हणाल्या तसं धाव." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शर्यतीच्या दिवशी मुकुंदला शालीत गुंडाळून मीही गेले. उषा चक्क पहिली आली! मी हात पसरला, तर ही माझ्या शेजारून पळत थेट भाभींच्या गळ्यात.

"अगो, काय धावली तुझी पोर!" भाभी म्हणाल्या.

"तुमचीच आहे ती, ठेवून घ्या," असं म्हणून मी तोंड फिरवलं.

आठवड्याने न राहवून उषाला विचारलं, "त्या दिवशी माझ्याकडे का नाही आलीस?"

"तू रडत होतीस. मला वाटलं, मी हरले."

अहो, मी आनंदाने रडत होते! तशीच जिना चढून गेले आणि भाभींची माफी मागितली. "वेडी गो तू," म्हणत त्यांनी चहा टाकला.

पुढच्या शर्यतीला मी सगळे दात दाखवत उभी राहिले. उषा चौथी आली, पण आली ती थेट माझ्याकडे.